लाडू घेणारा जवान

आष्टा, २६ डिसेंबर १९६५

हिरव्या मोटारीवाली कादंबरी आज संपवली. खुनी कोण ते मला सुरुवातीलाच कळलं होतं. पोलीस दारात आल्यावर जो माणूस सगळ्यांना चहा विचारत फिरतो, तोच खुनी असतो. आयुष्यभर गुप्तहेरकथा वाचून एवढं तरी समजायला हवं. लेखकाने मात्र शेवटच्या प्रकरणापर्यंत आम्हाला उगाच रानोमाळ फिरवलं. दहापैकी चार गुण. शुद्धलेखन चांगलं म्हणून एक वाढवून पाच.

शाळेत होतो तोवर रोज टाचण लिहायचो, उद्या वर्गात काय शिकवणार त्याचं. पेन्शनीत निघालो तरी हाताची सवय जाईना, म्हणून ही वही सुरू केली. हिच्यात फक्त वाचलेल्या-पाहिलेल्याविषयी मत लिहायचं, घरातलं काही आणायचं नाही असं ठरवलं होतं. पण स्वतःशी खोटं कशाला बोलू? मी ही पुस्तकं वाचतो ती तारेतला एक शब्द डोक्यातून जावा म्हणून. बेपत्ता. माझा सोपान सप्टेंबरात लढाईवर बेपत्ता झाला आणि त्यानंतर पलटणीकडून एक अक्षर नाही. मेला म्हणत नाहीत, जिवंत आहे म्हणत नाहीत. कादंबरीत निदान शेवटच्या पानावर कुणीतरी सगळं सांगून टाकतं.

सोपानच्या आईची, येसूची, तब्येत खालावत चालली आहे. मी दोन घास खाऊन ताट सारलं की तीही सारते. बायकांचं मन हळवं असतं. तिच्याकडे लक्ष ठेवायला हवं.

३० डिसेंबर

बाजारतळावर तंबूचा सिनेमा आला आहे. संध्याकाळ झाली की कर्ण्यावर गाणी सुरू. मशीन चालवणारा बाळासो माझाच विद्यार्थी, सहावीत दोन वेळा गचकलेला. रस्त्यात भेटून पाया पडला आणि म्हणाला, "गुरुजी, तुमास्नी पास. कवाबी या."

सिनेमाबद्दल माझं मत आधीपासून वाईट आहे. पुस्तकातला माणूस आपण मनात उभा करतो, तिथे तो आयता रंगवून आणून समोर नाचवतात. आणि पोराचा ठावठिकाणा नसताना मी काय नाच बघायला जाऊ? बाळासोला म्हटलं, बघू. घरी येऊन नवी कादंबरी उघडली. बंद खोलीत खून. एकच पान किती वेळ वाचत होतो कोण जाणे.

२ जानेवारी १९६६

आज आधी हे लिहून ठेवतो.

शेजारची बाळाबाई सकाळी अंगणातूनच ओरडत आली. "आवं गुरुजी, सोपान दिसला वो! पडद्यावर दिसला!"

मी म्हटलं, बाळाबाई, नीट सांग. तिने सांगितलं ते असं. मुख्य सिनेमाच्या आधी सरकारी बातम्यांचं चित्र दाखवतात. त्यात सरहद्दीवरची दिवाळी आहे. शहरातल्या बाया जवानांना लाडू वाटताहेत. रांगेतून एक जवान पुढे येतो, लाडू घेतो, हसतो आणि निघून जातो. "त्योच की! कानावरनं वळखला म्या. सुपाएवढा कान लेकाचा!"

मी ताबडतोब विचार केला, जसा कुठल्याही हुशार गुप्तहेराने केला असता. सोपान बेपत्ता झाला सप्टेंबरात. दिवाळी झाली ऑक्टोबरात. जो दिवाळीचा लाडू खातो तो सप्टेंबरात मेलेला नसतो. यात खोट कुठे आहे? कुठेही नाही.

येसू चुलीपुढे बसली होती. तिने फक्त विचारलं, "खेळ कवा असतुया?"

३ जानेवारी

तोच आहे.

तंबूत मध्ये दोरी बांधून तिच्यावर लुगडी टाकलेली असतात. एकीकडे बायका, दुसरीकडे पुरुष. येसू बाळाबाईबरोबर पलीकडे गेली, मी अलीकडे पुढे जाऊन सतरंजीवर बसलो. आधी कुठल्या तरी धरणाचं बांधकाम, मग गुरांचं प्रदर्शन, आणि मग दिवाळी. तो आला आणि गेला, डोळ्याचं पातं लवावं इतकाच. पण तेवढ्यात मी तीन पुरावे टिपले. एक, कान. दोन, उंची आणि खांदे. तीन, आणि हा सगळ्यात पक्का, त्याने लाडू डाव्या हाताने घेतला. सोपान डावरा आहे. मी कधी उठून उभा राहिलो ते मला कळलं नाही. मागून लोक ओरडत होते, "ओ म्हातारं, बसा खाली!" मग कुणीतरी सांगितलं असावं, कारण सगळा तंबू गप्प झाला.

बाहेर आल्यावर येसूला विचारलं, "दिसला?"

"दिसला."

"तोच ना?"

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. बत्तीच्या उजेडात तिचा चेहरा थकलेला वाटला. "तुमी म्हंताय मंजी त्योच," ती म्हणाली.

घरी आल्यावर मला अशी भूक लागली की सांगता सोय नाही. भाकरी मागून घेतली, वर आणखी मागितली. येसू पुढ्यात बसून बघत होती. तिला म्हटलं, अगं, तूही खा की. मग तीही जेवली. माझं पोर जिवंत आहे. जिवंत आहे, जिवंत आहे, जिवंत आहे.

६ जानेवारी

रोज जातो. बातम्यांच्या चित्रानंतर उठून यायचं असं मी म्हणतो, पण येसूला पुढचा सिनेमाही बघायचा असतो. तमाशातली पोरगी आणि पाटलाचा मुलगा. कथेत काही अर्थ नाही. पाटलाच्या मुलाने पहिल्याच रिळात बापाला खरं सांगितलं असतं तर आम्ही सगळे वेळेवर घरी गेलो असतो. दहापैकी तीन.

येसूचं मत मात्र वेगळंच. वाटेत म्हणाली, "ती बया नदीत उडी टाकती, गटांगळ्या खाती, आन् भाईर काढली तर केस इंचरल्यालं तसंच! मला सांगा की, कंच्या दुकानात मिळतं असलं त्याल?" आणि स्वतःच हसली. मला हसू आलं, पण रागही आला. सिनेमातल्या विनोदी पात्रालाही ती हसत होती, बाळाबाईने सांगितलं. पोराची काळजी एकट्या बापानेच करायची का?

पलटणीला, रेकॉर्ड ऑफिसला आणि चित्रपट काढणाऱ्या सरकारी खात्याला पत्रं टाकली. तिन्ही पुरावे क्रमवार मांडले आहेत.

११ जानेवारी

ताश्कंदहून बातमी आली. पंतप्रधान गेले. गाव बंद, शाळा बंद, तंबूही बंद. माणसं रडत होती. मलाही वाईट वाटलं, पण या वहीत खरं लिहायचं तर मला जास्त वाईट वाटलं ते आज सोपान दिसणार नाही याचं. अशा दिवशी माझ्या मनात हे यावं याची मला लाज वाटते. संध्याकाळी खेळाच्या वेळेला अंगात कापरं भरलं. येसूने घोंगडी घातली, पाणी पाजलं, आणि बाहेर गेली. परत येऊन म्हणाली, "बाळासोला इच्यारून आले. उद्या न्हाई, पर परवा लावणार म्हंतोय. पडा आता."

तिलाही चैन पडत नव्हतं तर.

१९ जानेवारी

सिनेमा बदलला. बातम्यांचं चित्र तेच राहिलं, कारण नवं अजून आलेलं नाही. आलं तरी हे मागे पाठवायचं नाही असं मी बाळासोकडून कबूल करून घेतलं आहे. तो म्हणाला, "गुरुजी, मालकानं इच्यारलं तर सांगीन उंदरानं खाल्लं."

नवा सिनेमा हिंदी, गुप्तहेराचा. मी मोठ्या अपेक्षेने बसलो होतो. हा कसला गुप्तहेर! काळा कोट, काळा चष्मा, आणि त्या चष्म्यातून समोरचं काही दिसत नाही. घरातली मोलकरीण, नोकर, प्रत्यक्ष त्याची होणारी बायको, सगळ्यांना खरं माहीत आहे आणि याला शेवटच्या रिळापर्यंत पत्ता नाही. इतका आंधळा माणूस प्रत्यक्षात असूच शकत नाही. दहापैकी दोन, तेही घोड्याच्या पाठलागासाठी.

बाळाबाई वाटेत येसूला कोपर मारून म्हणाली, "गुरुजी, ही काय पिच्चर बगत न्हाई बरं का. सोपानाचं चित्र आलं की लुगडं बाजूला सारून तुमच्याकडंच बगत बसती!" बायका खिदळल्या. या वयात हे असलं. मी येसूला म्हटलं, लोक काय म्हणतील? ती म्हणाली, "म्हणूं द्यात."

२४ जानेवारी

आज येसूने पेटीतलं पांढरं लुगडं नेसून विहारात मेणबत्त्या लावल्या. विहार म्हणजे काय, आपल्या वस्तीतली समाजमंदिराची खोली, पण दीक्षा घेतल्यापासून दर पौर्णिमेला आम्ही सगळे तिथे वंदनेला जमतो. मी म्हटलं, अगं, पौर्णिमा कुठे आहे आज? कॅलेंडर बघ तरी. ती म्हणाली, "माजं चुकलं आसंल." एकटीच गेली आणि एकटीच आली. डोळे सुजलेले. मेणबत्तीचा धूर सोसत नाही तिला. म्हातारपणी दिवसांचा हिशेब राहत नाही माणसाला.

पत्रांना उत्तर नाही. दोन्हीकडचे कैदी सोडणार असं रेडिओवर सांगितलं. पडद्यावर सोपान मोकळा फिरतो आहे, तेव्हा तो कैदी नाही. मग तो घरी पत्र का लिहीत नाही? हा प्रश्न मला आज पहिल्यांदा पडला. मी तो लगेच पुसून टाकला. डोक्याला मार लागून माणूस नाव-गाव विसरतो, असं मी किती कादंबऱ्यांत वाचलं आहे.

१७ फेब्रुवारी

उंब्रजचा नाथाजी आला होता. सोपानच्याच कंपनीतला. तिकडे कैदेत होता, सुटून गेल्या आठवड्यात घरी आला. हाडं उरली आहेत नुसती. येसूने त्याला दूध दिलं. ते हातात तसंच धरून तो मान खाली घालून बोलत होता. "आमी उसाच्या फडात हुतो, गुरुजी. पल्याडनं गोळा आला. सोपान माज्या डाव्या अंगाला हुता. मी हाका मारल्या. लय हाका मारल्या. मग आमाला धरलं."

मी त्याची नीट उलटतपासणी केली. प्रेत डोळ्यांनी पाहिलंस का? नाही. धूर होता? होता. तुझ्या स्वतःच्या डोक्याला मार होता? होता. म्हणजे साक्षीदार जखमी, गोंधळलेला, धुरात, आणि त्याने प्रेत पाहिलेलं नाही. कुठलंही कोर्ट ही साक्ष मानणार नाही. मी त्याला तसं सांगितलंसुद्धा, जरा मोठ्यानेच. येसू म्हणाली, "आवं, त्याला दूध तरी पिऊ द्या."

संध्याकाळी त्याला तंबूत नेलं. म्हटलं, तूच बघ आणि तूच सांग. लाडू घेणारा आला आणि गेला. मी नाथाजीचा दंड धरून विचारलं, बोल, कोण तो? त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. दोरीपलीकडे येसू उभी होती, तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "आसंल, गुरुजी. सोपानच आसंल."

बघा. कंपनीतल्या सोबत्याने ओळखला. चौथा पुरावा. मग मला झोप का लागत नाही?

२१ फेब्रुवारी

काल रीळ तुटलं. नेमकं दिवाळीच्या जागी. माझ्यासाठीच बाळासो तेवढा भाग कधीकधी पुन्हा लावायचा, त्याने फीत झिजली असणार. त्याने जोड दिला, आणि जोडताना कापलेला बोटभर तुकडा आज सकाळी मला आणून दिला. "ठिवा, गुरुजी. तुमचा ल्योक हाय त्यात."

तो गेल्यावर मी भिंग काढलं. बारीक टाइपातल्या कादंबऱ्यांसाठी सांगलीहून आणलेलं. अंगणात गेलो, फीत उन्हात धरली. लाडू आहे. डावा हात आहे. कान आहे. पडद्यावर तो कधी स्थिर नव्हता, इथे स्थिर आहे. त्याच्या हनुवटीला खळी आहे.

सोपानच्या हनुवटीला खळी नाही.

मी फीत उलटी धरली आहे का म्हणून फिरवली. उलटी धरली की हात उजवा होतो. खळी मात्र तिथेच राहते. सूर्य डोक्यावर येईपर्यंत मी ती फिरवत होतो. कुणाचा तरी मुलगा आहे. चांगला हसरा आहे. मला त्याचा इतका राग आला की फीत चुलीत टाकावीशी वाटली.

माझा सोपान गेला. उसाच्या फडात गेला, आणि नाथाजी त्याला हाका मारत होता, आणि मी त्या पोराला म्हटलं तुझी साक्ष चालणार नाही.

येसूला कसं सांगू? ती मरेल. ती या तंबूच्या आशेवर जेवते आहे. तिला सांगायचं नाही. मी रोज तिच्याबरोबर जाईन, रोज म्हणेन तोच आहे. एवढं मला जमलं पाहिजे.

२२ फेब्रुवारी

जमलं नाही.

सकाळी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच टाकला. ताट सारलं. येसूने माझ्या ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तिच्या हातातला घास तिने परत ठेवला.

मी म्हटलं, "येसू, तो आपला नव्हे."

ती म्हणाली, "ठावं हाय."

"कधीपासून?"

"पैल्या दिसापास्नं. रांगंतनं चालत आला तवाच. आपला सोपान आसा चालतोय व्हय?"

मी ओरडलो. म्हटलं, मग दीड-दोन महिने रोज कशाला आलीस? मला वेड्यासारखा नाचू दिलास? सगळ्या गावादेखत?

"तुमी त्या दिशी भाकरी मागून खाल्लीसा," ती म्हणाली. "तारंपास्नं पैल्यांदा. मला वाटलं, ऱ्हाऊं दे. खाऊं द्यात."

मग हळूहळू बाकीचं कळलं. नाथाजीला तिनेच मानेने खुणावलं होतं. बाळासोला, बाळाबाईला, सगळ्यांना तिने हात जोडून सांगितलं होतं, मला काही बोलू नका म्हणून. आणि जानेवारीत ती पांढरं लुगडं नेसून गेली होती ती पौर्णिमा समजून नव्हे. "त्याच्यापायी लावल्या मेणबत्त्या. एकटीनंच. तुमास्नी कुटं न्हेऊ?"

माझ्या पोराला त्याच्या आईने एकटीने निरोप दिला, आणि मी दारात उभा राहून तिला कॅलेंडर बघायला सांगत होतो. मी रडलो. खूप रडलो. तीही रडली, माझ्यासमोर पहिल्यांदाच. बाळाबाई दारापर्यंत येऊन तशीच परत गेली. येत्या पौर्णिमेला विहारात सोपानचं पुण्यानुमोदन, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची वंदना, करायचं ठरवलं, दोघांनी मिळून, चारचौघांना बोलावून. नाथाजीला उंब्रजला निरोप पाठवला, त्यात माफी मागितली.

संध्याकाळी येसू लुगडं सारखं करून दारात उभी. "चला, आवरा."

"आता कशाला?"

"तंबू उद्या कुंडलला चाललाय. आज शेवटचा खेळ. बगून यिऊ त्याला."

"कुणाला?"

"त्या पोराला. कुणाचं का आसंना. जेवतंय न्हवं?"

गेलो. नेहमीसारखा पुढे बसलो नाही. दोरीला लागून बसलो, आणि पलीकडे येसू दोरीला लागूनच बसली. धरण झालं, गुरं झाली. तो आला. मधे तुकडा गेल्यामुळे आता तो थोडा दचकल्यासारखा पुढे येतो. लाडू घेतला, हसला. एवढ्या दिवसांत मी त्याला आज पहिल्यांदाच नीट पाहिलं. खळी आहेच.

लुगड्याच्या पलीकडून येसूचा आवाज आला, अगदी हळू, "खा, बाबा."